मुलाचें नांव



बाप्तिस्म्याच्या वहींत हल्लीं एखादें असें नांव येतें कीं, तें ऐकून आजीबाईंच्या कपाळास आंठ्या पडतात व शेजारीपाजारी विचारतात, "हें नांव ख्रिस्ती आहे काय?"

ही हरकत जुनीच आहे. 'योहान' हें नांव ऐकतांच अलीशिबेचे आप्त म्हणाले होते कीं, तुमच्या कुळांत या नांवाचा कोणी नाहीं. मुक्या जखऱ्यानें पाटीवर तेंच नांव लिहिलें आणि त्याची वाचा मोकळी झाली. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया याचें नांवही परदेशांतूनच आलें. 1597 सालीं नागासाकी येथें त्यानें क्रूसावर प्राण दिले व तें नांव आपलें झालें. उलट, 1745 सालीं बाप्तिस्मा घेणाऱ्या नीलकंठ पिल्ले यांस 'लाजरस' याचें तामिळ रूप 'देवसहायम्' हें नांव मिळालें. 2022 सालीं ते संतपदास पोहोंचले.

नांव ख्रिस्ती भावनेस विसंगत नसावें, इतकेंच 1983 च्या धर्मविधानाचें मागणें आहे. म्हणून आईबापांनीं केवळ नवलाईसाठीं नांव निवडूं नये; त्याचा अर्थ मुलास उद्यां अभिमानानें सांगतां यावा. आणि आप्तेष्टांनो, बोलावयाचें तें बारशापूर्वीं बोला. पवित्र जल मस्तकावर पडल्यावर त्या नांवाची थट्टा करूं नका. ती आईबापांस नव्हे, लेंकरास लागते. तें नांव संतांचें करणें हें त्याचें व आपलें काम आहे.

प्रभु आपल्या लेंकरांस आशीर्वाद देवो.