लाकडाचा रंग

तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची. ‘एकांड’ वीणेचा तर घट आणि दांडी एकाच ओंडक्यातून कोरतात. ताजे कापलेले हे लाकूड पिवळे दिसते. त्याच्या गाभ्याच्या रंगात बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगविली जात. पुढे हवा-प्रकाश लागून ते आपोआप तपकिरी होत जाते. म्हणूनच जुन्या वीणेला, किंवा घरातल्या जुन्या चौरंगाला, बसविलेला नवा तुकडा आजच तंतोतंत जुळवू पाहणारा फसतो: काही वर्षांनी तोच तुकडा अधिक काळा पडतो. रंग किंचित फिका राखणेच बरे.

रंग तंतूंत मुरतो. तो काढायचा म्हणजे लाकूडच खरवडायचे, आणि वीणेच्या पातळ तबलीला ते परवडत नाही. यास्तव रंगाची पारख प्रथम त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर, वरच्या पॉलिशासह करावी. काचकागद रेषांच्या दिशेनेच चालवावा. आडवे ओरखडे रंग पिऊन उठून दिसतात. आडव्या कापाची टोके तर अधिकच पितात. त्यांवर आधी पातळ लाखेचा हात द्यावा. रंग फडक्याने लावून जादा तत्काळ पुसावा. लाखेचे पॉलिश तो पुरता वाळल्यावर. पावसाळ्यात याला दुप्पट वेळही लागतो.