हसवणाऱ्या उमेदवाराला मत कोण देतं?

(क्लेमेंटी इथं रविवारी मराठी कामगारांपुढे केलेलं हे बोलणं. बोललो तसंच ठेवलंय, दोन-चार ठिकाणी भर घातली आहे.)

आठवड्यातून एकच सुट्टी, त्यात धुणं, स्वयंपाक, घरी फोन. ते सगळं बाजूला ठेवून आलात, बरं वाटलं.

मागच्या वेळी पगाराच्या पावतीवर बोललो होतो, त्याआधी ओव्हरटाईमवर. आज विषय हलका वाटेल, पण तो तितका हलका नाही. सकाळी लॉरीत बसलं की प्रत्येकाच्या मोबाईलवर काही ना काही चालू असतं, आणि त्यात हमखास एखादा उमेदवार असतो. कुणी कविता म्हणतंय, कुणी मोठ्या नेत्याला एकेरीत बोलतंय, कुणी 'मीच मुख्यमंत्री होणार' म्हणून छाती ठोकतंय. आपण हसतो आणि गावच्या ग्रुपवर पाठवतो. ग्रुपवरचे हसतात आणि पुढं पाठवतात. या हसण्याचं पुढं काय होतं, एवढंच आज बघायचंय. राज्यातल्या जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुका कित्येक वर्षं रखडल्या होत्या. 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं त्या चार महिन्यांत घ्यायला सांगितलं. म्हणजे अशा व्हिडिओंचा पाऊस पडणारच होता.

आपल्यात सातारा-सांगलीकडचे बरेच आहेत. अभिजित बिचुकले कोण, हे तुम्हाला सांगायला नको. सातारचे, स्वतःला कवी मनाचे नेते म्हणवतात. 2019 मध्ये मराठी बिग बॉसच्या दुसऱ्या पर्वात गेले आणि घराघरात पोहोचले. त्याच वर्षी वरळीत आदित्य ठाकरेंच्या विरोधात उभे राहिले. 2023 ला पुण्यात कसब्याच्या पोटनिवडणुकीत, 2024 ला बारामतीत अजित पवारांच्या विरोधात. साताऱ्यात राजघराण्याच्या उमेदवारासमोर तर आधीपासूनच. माणूस कुणाला घाबरत नाही, हे मान्य करावंच लागेल. त्यांची मुलाखत लागली की ज्याला राजकारणातलं काही कळत नाही तोही थांबून ऐकतो. पण मतं? वरळीत हजाराच्या आत, कसब्यात शंभराच्या आत.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला मुंबईत वर्सोव्यातून एजाज खान उभे होते. तेही बिग बॉसवाले आणि बोलायला फटकळ. इन्स्टाग्रामवर 56 लाख लोक त्यांच्या मागे. मतं पडली 155. 'यापैकी कोणीही नाही' या बटणाला त्याच मतदारसंघात हजाराच्या वर मतं होती.

यावर तेव्हा सगळ्यांनी विनोद केले, मीही पाठवले असतील. पण साईटवर काम करणाऱ्या माणसाला यात नवल वाटायला नको. रस्त्यावर रेडीमिक्सच्या पन्नास गाड्या दिसतात. आपल्या स्लॅबवर किती घनमीटर पडलं, तेवढंच आपण मोजतो ना? बघणारे 56 लाख जगभर पसरलेले. मत मात्र त्या एका मतदारसंघाच्या यादीत नाव असलेल्यानं, त्या एका दिवशी, त्या एका खोलीत जाऊन द्यायचं असतं. त्या खोलीपर्यंत माणूस नेणारे लोक लागतात. म्हातारीला रिक्षा करून देणारे, यादीत नाव शोधून देणारे, मतदान केंद्रावर दिवसभर बसणारे. मोबाईल हे काम करत नाही.

आणि त्या बघणाऱ्यांत आपणही आहोत. 2024 च्या लोकसभेला परदेशी राहणारे साधारण एक लाख 19 हजार भारतीय मतदार म्हणून नोंदलेले होते. प्रत्यक्ष मतदानाला आले 2,958, आणि त्यातले 2,670 एकट्या केरळचे. आपल्या महाराष्ट्राचे नोंदलेले 5,097 होते. आले किती, सांगा बघू. सतरा. सत्तर नाही, सतरा. आपल्या एका लॉरीत याहून जास्त माणसं बसतात.

आता कुणी म्हणेल, हसवून कुणी निवडून येतच नाही का? येतात की. भगवंत मान पंजाबातले नावाजलेले विनोदी कलाकार. 2014 ला संगरूरमधून दोन लाखांवर मताधिक्यानं खासदार झाले, 2022 ला मुख्यमंत्री. तिकडं आइसलँडमध्ये योन ग्नार नावाच्या विनोदी नटानं 2010 साली राजधानीच्या निवडणुकीसाठी पक्षच काढला. आश्वासनं काय, तर पोहण्याच्या तलावावर फुकट टॉवेल आणि प्राणिसंग्रहालयात एक पांढरं अस्वल! पंधरापैकी सहा जागा मिळाल्या आणि तो महापौर झाला. कारण 2008 ला तिथल्या बँका बुडाल्या होत्या, लोक संतापलेले होते. विनोद त्या संतापावर उभा होता.

आपल्याकडं तर हे इंटरनेटच्या कितीतरी आधी झालंय. आचार्य अत्रे घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, नोव्हेंबर 1956 मध्ये त्यांनी 'मराठा' दैनिक काढलं. सभेत उभे राहिले की समोरच्या मंत्र्याची अशी रेवडी उडवायचे की लोक पोट धरून हसायचे. 1957 ला ते आमदार झाले. पण त्या हशामागं काय होतं? संपावर गेलेला गिरणी कामगार होता, गोळीबारात गेलेली माणसं होती, डावे-उजवे सगळे पक्ष एकत्र आलेली समिती होती. अत्र्यांचा विनोद तुटून पडायचा तो सत्तेत बसलेल्यांवर. कामगार हसायचा तो स्वतःपेक्षा ताकदवान माणसाला.

आणखी एक उदाहरण देतो. थोडं टोचेल, पण ऐका. कुठल्याही पक्षाच्या बाजूनं किंवा विरोधात बोलत नाही, आपल्या ग्रुपमध्ये सगळ्या झेंड्यांची माणसं आहेत. ऑगस्ट 1960 मध्ये 'मार्मिक' सुरू झालं. बाळासाहेब ठाकरे हे मूळचे व्यंगचित्रकार, हात इतका पक्का की चार रेघांत माणूस उभा राहायचा. त्यात एक सदर होतं, 'वाचा आणि थंड बसा'. मुंबईतल्या कंपन्यांमध्ये, कचेऱ्यांमध्ये कोण अधिकारी आहेत, त्यांच्या नावांच्या याद्या. नावं बहुतेक दाक्षिणात्य. त्यातून 1966 ला शिवसेना उभी राहिली, आणि 1968 ला मुंबई महापालिकेत तिचे 42 नगरसेवक निवडून आले. व्यंगचित्रापासून सुरू झालेलं राजकारण एवढं यशस्वी झाल्याचं दुसरं उदाहरण देशात मला तरी दिसत नाही.

मराठी पोराला मुंबईत नोकरी मिळत नव्हती, हे दुखणं खोटं नव्हतं. शाखा होती, शाखेत गेलं की काम व्हायचं, म्हणून मतंही आली. पण लुंगीवरचा विनोद पोहोचला कुठं? कंपनीचा मालक वर सुखात होता. दगड बसले उडप्याच्या हॉटेलावर, तिथं कपबशा उचलणाऱ्या पोरावर. तोही आपल्यासारखाच पोटासाठी आलेला.

आणि आज आपल्या खोलीत वरच्या बंकवर कोण झोपतं? तंजावर, रामनाथपुरमचा अण्णा. सकाळी टूलबॉक्स मीटिंगला आपल्या शेजारी उभा असतो, हार्नेसचा हूक लावला का म्हणून आपल्याला ओरडतो. इथं त्याच्या-माझ्यात कुणी फरक करत नाही, आम्ही दोघंही परदेशी कामगार. म्हणजे तेव्हाच्या त्या यादीत आज आपलं नाव आहे.

म्हणून व्हिडिओ बघताना मी एक गोष्ट तपासतो: हा माणूस मला कुणावर हसायला लावतोय? आमदारावर, ठेकेदारावर, रस्त्याचे पैसे खाणाऱ्यावर? मग दोनदा बघतो. की बिहारी गवंड्यावर, भंगारवाल्यावर, बायकांवर, दुसऱ्या जातीवर? तसं असेल तर तो आज त्यांच्यावर हसतोय, इथल्या कुणाच्या मोबाईलवर तोच विनोद माझ्यावर चालू असेल.

इथलंही थोडं बोलू. 3 मे 2025 ला सिंगापूरची निवडणूक झाली, तुम्ही बॅनर बघितलेच असतील. क्लेमेंटीचा मोठा भाग जुरोंग ईस्ट-बुकिट बाटोक या मतदारसंघात येतो. पीएपी विरुद्ध रेड डॉट युनायटेड, पीएपीची माणसं सहज निवडून आली. तिकडं माउंटबॅटनमध्ये जेरेमी टॅन नावाचा चौतिशीतला अपक्ष उभा होता, मागं पक्ष नाही. इंटरनेटवर लोकांशी सरळ बोलायचा. त्याला 36 टक्के मतं पडली. आपल्याकडच्या 155 शी तुलना करू नका, तिथं थेट लढत होती, पीएपी नको असलेल्याला दुसरा पर्यायच नव्हता. पण माणूस ज्या विषयावर बोलत होता, घरं, खर्च, ते त्या मतदारांचेच विषय होते, हेही तितकंच खरं.

इंटरनेटवरचा निवडणुकीचा विनोद इथं जुना आहे. 2006 च्या निवडणुकीत विरोधी पक्षाच्या एका उमेदवाराच्या अर्जावरून सत्ताधाऱ्यांनी दिवसच्या दिवस रान उठवलं होतं. 'मिस्टर ब्राउन' नावानं लिहिणाऱ्यानं त्यावर एक ध्वनिफीत काढली: नूडलवाला आणि गिऱ्हाईक यांचं भांडण, ऑर्डर देताना तू काय बोललास आणि काय नाही बोललास. राजकारणाचा एक शब्द नाही, पण सगळं सिंगापूर समजून हसलं. तो उमेदवार नव्हता, त्याला मत नको होतं. त्याच वर्षी महागाईवर लिहिलेल्या एका लेखानंतर त्याचं वर्तमानपत्रातलं सदर मात्र बंद झालं.

या सगळ्यात आपण कुठं? विषय म्हणून असतो, ऐकणारा म्हणून नसतो. 2008 ला सेरंगून गार्डन्समध्ये कामगारांचं डॉर्म होणार म्हटल्यावर चौदाशेच्या वर रहिवाशांनी सह्या करून विरोध केला होता. जुलै 2020 ला इथं मतदान झालं तेव्हा डॉर्मची दारं बंद होती. वर्ष संपेपर्यंत डॉर्ममधल्या जवळजवळ निम्म्या कामगारांना कोरोना होऊन गेल्याचं सरकारनंच सांगितलं. त्यातले काहीजण आज समोर बसलेत.

आता कामाचं, हे नीट ऐका. सिंगापूरच्या कायद्यानं इथल्या निवडणुकीच्या प्रचारात परदेशी माणसाला भाग घेता येत नाही, आणि ऑनलाईन प्रचारही त्यातच येतो. एप्रिल 2025 मध्ये परदेशी लोकांच्या काही फेसबुक पोस्ट इथं दिसू नयेत असा आदेश सरकारी यंत्रणेनं मेटा कंपनीला दिला होता. तेव्हा इथल्या उमेदवाराचा व्हिडिओ कितीही भारी असो, बघा, हसा, पण 'याला निवडून द्या' किंवा 'याला पाडा' असं लिहून आपल्या नावानं टाकू नका. वर्क परमिट आपलं आहे, उमेदवाराचं नाही.

गावच्या राजकारणाचंही तसंच. 2013 मध्ये मलेशियाच्या निवडणुकीच्या निकालावरून मेरलायन पार्कमध्ये जमलेल्या 21 मलेशियन लोकांना इथं अटक झाली होती. त्यांच्या देशाचा प्रश्न, त्यांचीच माणसं, तरीही. त्यामुळे गावातला दोस्त झेडपीला उभा राहिला आणि म्हणाला 'तिकडं क्लेमेंटीच्या मैदानात वीस जण झेंडा घेऊन उभे राहा, व्हिडिओ करा, लय व्हायरल होईल', तर सरळ नाही म्हणा. त्याला लाईक मिळतील, तुम्हाला विमानाचं तिकीट मिळेल.

त्यापेक्षा त्याला फोनवर विचारा. सौदीत, दुबईत, इथं गावची किती पोरं आहेत ते माहीत आहे का? एजंटनं दोन-अडीच लाख घेऊन फसवलं तर पोलीस पाटलाकडं, तहसीलला बरोबर येशील का? कुणी साईटवर गेला तर मयत गावी आणायला कोण धावपळ करणार? विनोदी माणसाला हे विचारायला उलट सोपं जातं, तो फोन उचलतो. उत्तर देतो का ते बघा. घरी बायको, आई-वडील, भाऊ यांची मिळून चार-पाच मतं असतात आणि ती आपल्याला विचारून पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपलं मत तिकडं पोहोचत नसलं तरी शब्द पोहोचतो. तो शब्द देण्याआधी बायकोलाही विचारा, रोज त्या रस्त्यानं ती जाते.

आणि ज्यांना स्वतः मत द्यायचंय त्यांच्यासाठी अर्ज आहे, नमुना 6अ. परदेशी असलेल्या भारतीय नागरिकासाठी, पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव लागतं. ऑनलाईन भरता येतो. मात्र मतदानाला स्वतः जावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. टपालानं किंवा दुसऱ्याच्या हातून देण्याची सोय आपल्याला अजून नाही, ती मागायला हवी. तोवर ज्यांची सुट्टी निवडणुकीच्या आसपास येते त्यांनी तारीख बघून तिकीट काढावं.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप आणतो. पासपोर्टचा पहिला, शेवटचा आणि व्हिसाचा पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवून या, एक पासपोर्ट साईजचा फोटोही लागेल. मूळ पासपोर्ट कुणाकडं ठेवायला दिला असेल तर आजच मला बाजूला येऊन सांगा, ते आधी बघू.