टाके निघाल्यानंतर



आपण जेथे जमलो आहोत तेथून फार दूर नसलेल्या पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका कैद्याचे आंत्रपुच्छ कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने काढले, आणि काम चालू असतानाच विजेचे दिवे गेल्यामुळे त्याचा शेवट कंदिलाच्या उजेडात करावा लागला, ही हकीकत गांधीजींच्या चरित्रांतून आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. वाचकाचे लक्ष त्या रात्रीवरच खिळते, हे स्वाभाविक आहे. पण आयुष्याची बहुतेक वर्षे शल्यचिकित्सेच्या वॉर्डात काढलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष पुढच्या मजकुराकडे जाते. जखमेत पू झाला, ती लवकर भरून येईना, शक्ती परतेना. आणि सहा वर्षांच्या शिक्षेची दोन वर्षेही पुरी झालेली नसताना ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांच्या सुटकेचा हुकूम काढला. मार्चात ते जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीसाठी गेले व मे महिन्यातही तेथेच होते. शस्त्रक्रिया एका रात्रीची होती. तिच्यातून उठण्यास महिने लागले. या दुसऱ्या, लांबलेल्या मुदतीविषयी मला आज बोलावयाचे आहे, कारण रुग्णालय पहिल्या मुदतीचा सर्व बंदोबस्त करते, आणि दुसरीच्या उंबरठ्यावर रुग्णाला एकटे सोडते.

टाके निघाले म्हणजे रोगी बरा झाला, असा आपल्या घरांतून सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः टाके निघतात ते कातडीचे. तिच्याखाली पोटाच्या स्नायूंना आवळून धरणारे जे चिवट पटल असते, तेच पोटाचे खरे बळ होय, आणि ते सांधण्याचे काम तेव्हा नुकते सुरू झालेले असते. तीन आठवड्यांनी व्रणाला मूळ बळाचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. तीन महिन्यांनी तो सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. पूर्ण बळ मात्र पुन्हा कधीच येत नाही. या अवधीत जखमेत पू झाला, खोकला जडला, शौचास जोर करावा लागला किंवा पाण्याची कळशी कमरेवर चढली, तर आतील सांधा हळूहळू उसवतो आणि व्रणाच्या जागी हर्नियाचा फुगवटा दिसू लागतो. पोट मधोमध उभे उघडावे लागलेल्या रुग्णांपैकी शेकडा दहा ते वीस जणांना तो होतो. अशा वेळी रोगी स्वतःला दोष देतो, घरचे त्याला देतात. पण पुष्कळदा दोष कोणाचाच नसतो.

हेन्री मातिस या फ्रेंच चित्रकारावर जानेवारी १९४१ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, लियाँ येथे आतड्याच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या उपद्रवांनी ते मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आले, आणि वाचले तेव्हा पोटाची भिंत इतकी दुर्बळ झाली होती की चित्रफलकापुढे फार वेळ उभे राहणे त्यांना अशक्य झाले. पूर्वीसारखे उभे राहता येईपर्यंत थांबावयाचे, असे त्यांनी ठरविले असते तर ते अखेरपर्यंत थांबूनच राहिले असते. त्यांनी साहाय्यकांकडून कागद रंगवून घेतले, अंथरुणात अथवा चाकांच्या खुर्चीत बसून मोठ्या कात्रीने त्यांचे आकार कापले आणि ते भिंतीवर कोठे लावावयाचे ते बसल्या जागेवरून सांगितले. छतावर रेखाटन करावयाचे तर लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधला. १९४७ मधील ‘जॅझ’ हा चित्रसंग्रह आणि व्हाँसचे प्रार्थनामंदिर ही दोन्ही शस्त्रक्रियेनंतर लाभलेल्या तेरा वर्षांतील कामे आहेत. यावरून मी कोणालाही कलावंत व्हावयास सांगत नाही. काम शरीरापुढे कसे वाकवावे, एवढेच या उदाहरणातून घ्यावयाचे आहे. ओटा उंच पडत असेल तर बसून स्वयंपाक करावा, दुकानाची पोती दुसऱ्याने उचलावी, खोकताना उशी पोटाशी घट्ट धरावी, उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. या गोष्टी शिकण्यात कमीपणा नाही.

दुसरा उपद्रव डोळ्यांना दिसत नाही. उदर उघडले की आतील पातळ आवरण दुखावते, त्यातून खळीसारखा चिकट द्राव पाझरतो, आणि तो वेळीच विरघळून गेला नाही तर त्याचे तंतू होऊन आतडी एकमेकांना किंवा व्रणाच्या आतील बाजूला चिकटतात. पोट उघडलेल्या दहांपैकी नऊ जणांत असे थोडेफार चिकटणे असतेच, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु एखाद्या तंतूने आतडे आवळले तर मार्ग बंद होतो, आणि हे पहिल्या महिन्यातही घडते, दहा-बारा वर्षांनंतरही घडते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आतड्यावर १९५६ साली शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी १९६९ मध्ये आतडे अडल्यामुळे त्यांचे पोट पुन्हा उघडावे लागले. चिकटलेले सोडवून घेण्यासाठी वारंवार पोट उघडणे हाही सरळ इलाज नव्हे, कारण प्रत्येक उघडण्याबरोबर नव्या चिकटण्याची तजवीज होते. म्हणूनच शल्यचिकित्सक पुष्कळदा नाकातून नळी घालून, तोंडाने काही न देता, सलाईनवर वाट पाहतात, आणि अनेकदा अडथळा आपोआप सुटतो.

येथे एक गोष्ट मी कळवळून सांगतो. पोटात थांबून थांबून कळा येतात, पोट फुगते, हिरवट वांत्या होतात आणि वायूदेखील सरत नाही, अशा माणसाला एरंडेल पाजू नका, रेचक देऊ नका, पोट चोळू नका. तोंडाने काही न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हर्नियाचा फुगवटा एकाएकी टणक झाला, दुखू लागला आणि निजल्यावरही आत जाईना, तरी हीच त्वरा करावी.

पचनाच्या बारीकसारीक तक्रारींविषयी थोडक्यात सांगतो. पित्ताशय काढल्यावर काहींना पातळ शौचास होते. जठराचा भाग काढलेल्यांना गोड खाल्ल्यावर घाम सुटतो व धडधडते, त्यांनी थोडे थोडे व अनेक वेळा खावे. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची सुई कायमची लागू शकते. हे सर्व डॉक्टरांना विचारावे, संकोच करू नये. ज्यांच्या पोटावर शौचाचा मार्ग काढलेला असतो, त्यांचा संकोच तर मी फार जवळून पाहिला आहे. पिशवीचा वास येईल या भीतीने माणसे लग्नकार्याला जात नाहीत, पंगतीत बसत नाहीत, नातवाला मांडीवर घेत नाहीत. योग्य मापाची, नीट चिकटविलेली पिशवी गळत नाही आणि तिचा वासही येत नाही. तेव्हा मापाचा प्रश्न सोडविल्याशिवाय त्यांच्या पुढ्यात धीराचे शब्द ठेवणे पुरेसे नाही.

परंतु विश्रांती हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कित्येकांना अशक्य असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रिया आवश्यक होत्या की नव्हत्या, हा प्रश्न गंभीर आहेच. माझ्या मनाला त्यापुढील प्रश्नही तितकाच लागून राहिला आहे. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा झाला तर दंड कापला जातो. अशी बाई पोटावरचा व्रण ओला असतानाच उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिला तीन महिने वजन उचलू नका असे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. एका कैद्याची जखम भरत नाही म्हणून परक्या सरकारने त्याची शिक्षा माफ केली होती. या बाईचा खाडा शस्त्रक्रियेनंतर माफ व्हावा, त्या मुदतीतील मजुरीची भरपाई तिला मिळावी आणि ती मागण्याचा दाखला रुग्णालयाने तिच्या हातात द्यावा, ही मागणी आपण शासनापुढे आणि कारखान्यांपुढे मांडली पाहिजे.

आणि त्या दाखल्याबरोबर आणखी एक कागद. कोणती शस्त्रक्रिया झाली, काय काढले, पोटाच्या भिंतीला आधाराची जाळी बसविली की नाही, वजन कधीपासून उचलावयाचे, कोणती लक्षणे दिसताच परत यावयाचे, हे स्वच्छ मराठीत लिहिलेले असावे. हंगामात ही कुटुंबे जिल्हा सोडून, पुष्कळदा कर्नाटकातही जातात. तेथे रात्री पोट अडले, तर समोरच्या अनोळखी डॉक्टरला आधी काय झाले होते हे त्या कागदावरूनच कळेल. तो घरच्या पेटीत राहू नये; त्याची एक प्रत सामानाबरोबर फडावर जावी.