खेळ एक, प्रकृती अनेक



ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील असंख्य घरांचे वेळापत्रक उपनगरी गाडीने ठरते. आई-वडील सकाळी मुंबईची जलद गाडी पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळात घरी मूल असते व त्याच्या हाती मोबाईल असतो. ते खेळाकडे वळले, तर नवल नाही. मात्र एक मुलगा अर्ध्या तासात मोबाईल ठेवून मैदानावर जातो आणि दुसऱ्याला तहानभुकेचेही भान राहत नाही. असे का व्हावे?

'व्यक्ती तितक्या प्रकृती' या म्हणीत याचे बरेचसे उत्तर आहे. संगणकीय खेळांचे ब्रिटिश रचनाकार रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार मांडले : यशासाठी झटणारे, नवे धुंडाळणारे, सोबत शोधणारे आणि इतरांवर मात करण्यात रमणारे. पुढे अनेक अभ्यासांत असेही आढळले की, ज्यांच्या ठायी कर्तव्यदक्षता कमी आणि चिंता व उतावीळपणा अधिक, त्यांना खेळाच्या आहारी जाण्याचा धोका जास्त असतो. कौशल्याच्या ओढीने खेळणारा हरल्यावर सराव करतो. दुःख विसरण्यासाठी खेळणारा खेळ संपताच त्याच दुःखात परततो आणि पुन्हा मोबाईल उचलतो.

म्हणून केवळ तास मोजून निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची लक्षणे दिली आहेत : ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला प्राधान्य देणे आणि हानी दिसूनही न थांबणे, तेही सामान्यतः बारा महिने. सुट्टीत चार दिवस खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरविणे हा अन्याय होय.

सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. २०२१ मध्ये तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने अवतरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. तो आवश्यकच होता. परंतु कायदा दार बंद करू शकतो, मनातील पोकळी भरू शकत नाही. ते काम कुटुंबाचे आहे.

मोबाईल हिसकावण्यापूर्वी मुलाची प्रकृती ओळखावी. स्पर्धाप्रिय मुलाला कबड्डी वा बुद्धिबळ द्यावे. धुंडाळणाऱ्याला मलंगगडाची वाट दाखवावी. सोबतीस आसुसलेल्याला डोंबिवलीत १९९९ पासून निघणाऱ्या पाडव्याच्या शोभायात्रेच्या तयारीत सामील करावे. चिंतेने ग्रासलेल्या मुलाशी मात्र आधी बोलावे, आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नसावा. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था याच भागात आहे.

स्वभाव जन्मजात असला, तरी सवय घडविता येते. रात्रीच्या जेवणाची वीस मिनिटे घरातील सर्वांनी, वडीलधाऱ्यांनीही, मोबाईल दूर ठेवावा. आरंभ तेथूनच होईल.