वाघ्या, गडगा आणि बुधवारचे मासे

आजचा भाग एका खड्ड्यावर आहे. रस्त्यावरच्या नाही. त्या खड्ड्यांवर बोलायला बसले तर मुंबई-गोवा हायवेवर शंभर भाग होतील. हा खड्डा आमच्या परसातला.

आमचं घर संगमेश्वरला. शास्त्री आणि सोनवी नदीचा संगम जिथे होतो ना, त्या बाजूला. आमच्या आणि शेजारच्या काकांच्या परसाच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा आहे, म्हणजे नुसते दगड एकावर एक रचलेला बांध. मध्ये चौदा-पंधरा फूट गडगा ढासळलाय. तिथे आम्ही दांडे ठोकून जाळी ताणली होती. आणि काकांच्या वाघ्याने नेमकी तीच जागा पकडली.

जूनमध्ये सुरू झालं. सकाळी उठावं तर जाळीखाली उकरलेलं, मातीचा ढीग आमच्या बाजूला आणि आईने लावलेली पपईची रोपं आडवी. मी खड्डा बुजवला, दोन दिवसांनी परत. चिरा ठेवला, तर वाघ्याने चिऱ्याच्या शेजारी उकरलं. मग मी यूट्यूबवर बघून लाल तिखट टाकलं.

आणि मंडळी, खड्डे बंद! एकदम बंद. मी व्हॉट्सॲपवर सगळ्यांना सांगत सुटले, तिखट टाका, तिखट टाका. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात तिखट एक रात्र तरी टिकेल का, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

गणपती गेले आणि खड्डे परत सुरू. एका सकाळी तर दोन कोंबड्याच नाहीत. वाघ्याने नेल्या, की त्याच भोकातून मुंगूस आला, की त्याच बाहेर गेल्या, देव जाणे. पण मी तशीच तरातरा काकांच्या अंगणात गेले आणि नको ते बोलले. काका सत्तरीचे. काकू गेल्यापासून एकटेच असतात, मुलगा विरारला. ते एवढंच म्हणाले, "अगो, कुत्रा हाय त्यो, उकरनारच." मला अजून राग आला. त्या दिवसापासून काकांचं संध्याकाळी चहाला येणं बंद झालं. आई गडग्यावरून आमटीची वाटी द्यायची, तीही बंद.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही. वाडीतल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "कशाला भांडतेस? भाकरीत औषध घाल, विषय संपला." मी लगेच नाही म्हणाले नाही. "बघू" म्हणाले. ते "बघू" मला रात्रभर झोपू देईना. घरी येऊन फोनवर शोधलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला विष घालून मारण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाळलेल्या जनावराबद्दल हलगर्जी करणाऱ्या मालकासाठी कलम २९१ आहे, पण ते माणसाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचं. पपईच्या रोपासाठी नाही. पण खरं सांगू? मला थांबवलं ते कलमाने नाही. रात्री दोनला वाघ्या भुंकला आणि काकांचा त्याला दटावण्याचा आवाज आला. त्या घरात दुसरं कोणी बोलायलाच नाही.

मग मी गॅलरी उघडली. काकांना पुरावा दाखवायचा म्हणून प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढून ठेवला होता. तारखा बघत गेले. सोमवार. गुरुवार. शनिवार. परत सोमवार. जवळजवळ सगळे फोटो याच तीन वारांचे.

लक्षात आलं का? मला यायला दहा मिनिटं लागली. आदल्या दिवशी काय असायचं? रविवार, बुधवार, शुक्रवार. आमच्याकडे मासे! आणि आई बांगड्याची डोकी, आतडी, खवलं सगळं जाळीजवळच्या माडाच्या बुंध्यात पुरते. माडाला खत म्हणून. आजीही तेच करायची. आणि तिखटाचा चमत्कार? तो श्रावण होता हो! श्रावणापासून गणपती विसर्जनापर्यंत आमच्या घरात मासळीच नव्हती. वाघ्या महिनाभर आला नाही कारण माझ्या परसात त्याच्यासाठी काही नव्हतंच.

म्हणजे बोलावणं आमच्याकडूनच जात होतं.

आता माशाचं खत आई सोडणार नव्हती, आणि का सोडावं? फक्त खड्डा हातभर खोल केला, वर माती आणि त्यावर मोठा चिरा. आणि जागा बदलली, घराच्या दुसऱ्या बाजूचा माड. पण वाघ्याला सवय लागली होती, त्यामुळे वाटही बंद करायला हवी होती. कुत्रा कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो. दोन फूट मागे जाऊन तिथून उकरावं हे त्याला सुचत नाही. म्हणून जाळी उभी खोल गाडण्यापेक्षा आडवी अंथरायची. तीन फूट रुंदीची वेल्डची जाळी घ्यायची, एक फूट कुंपणाला बांधायची आणि उरलेली दोन फूट काटकोनात वाकवून जमिनीवर पसरायची. कापलेली टोकं खाली वाकवायची, नाहीतर पंजा फाटेल. भोकं बारीक हवीत, पाय अडकता कामा नये. वर चार बोटं माती. ऑक्टोबरातच उरकून टाका, माती ओली असते. मार्चमध्ये पहार लागेल.

पण यात एक गोची आहे. जाळी पसरायची कुठल्या बाजूला? कुत्रा ज्या बाजूने उकरतो त्या. म्हणजे काकांच्या जमिनीत.

गेले. चहा त्यांनीच टाकला. फोटो, वार, मासे, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. काका हसले नाहीत, पण वाघ्याकडे बघून म्हणाले, "वार कळतात गो याला." मग मी बिबट्याचा विषय काढला. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला होता, २०१४ साली तो छापून आला. त्यात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. आमच्याकडेही बिबट्या काही पाहुणा नाही. वाघ्या दिवसभर साखळीला आणि रात्री मोकळा, तो त्या भोकातून आमच्या परसात आणि तिथून पऱ्याकडे. काका बराच वेळ गप्प बसले. आता वाघ्या रात्री पडवीत दार लावून झोपतो आणि संध्याकाळी काका त्याला नदीपर्यंत फिरवून आणतात. दिवसभर बांधलेलं जनावर उकरणार नाही तर काय करणार, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

जाळी आम्ही दोघांनी मिळून घातली. मी तळाला सिमेंट ओतणार होते, काकांनी हात धरला. "पान्याला वाट ठेव. नायतर उरलेला गडगापन पडंल." नंतर ढासळलेला गडगाही त्यांनी अर्धा रचून दिला. मोठे चिरे खाली आणि फटीत बारके दगड. मी फक्त दगड उचलून देत होते आणि शिव्या खात होते.

वाघ्याने पहिल्या आठवड्यात दोनदा प्रयत्न केला. जाळीला पंजे लागले, सोडून दिलं. आता तो काकांच्या नळाजवळ गार मातीत स्वतःचा खड्डा करून पडलेला असतो. तो खड्डा काका बुजवत नाहीत.

परवा बुधवारी आईने गडग्यावरून वाटी दिली. बांगड्याचं तिखलं. वाघ्या खाली शेपूट हलवत उभा होता.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या शेजारचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त दोन मिनिटांच्या आत!