वारे परतले म्हणून धोका टळत नाही
(कबनूर येथे यंत्रमाग कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रात्रपाळीत साच्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराची बोटे एकाएकी बधिर होतात. तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही, जीभ जड होते, तोंड किंचित वाकडे दिसते. शेजारचा धावत येऊन पाणी पाजतो. (ते पाजू नये, अशा वेळी पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.) पंधरा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत होते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. अर्धांगाला आपल्या भागात ‘वारे गेले’ म्हणतात. तेव्हा वारे आले तसे परत गेले, अशी समजूत करून घेणे सोपे जाते.

वस्तुतः मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झालेला असतो. बहुधा गुठळी विरघळलेली असते. परंतु ती जिथून आली ती मानेतील अरुंद झालेली रोहिणी किंवा हृदयाचे अनियमित ठोके जागच्या जागी असतात. खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. आणि नेमक्या याच वेळी रुग्ण दवाखान्यात चालत येतो, नीट बोलतो, आणि ‘आता काही त्रास नाही ना? मग घरी जा’ असे ऐकून परततो. त्यालाही ते हवेच असते. मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते, खाटेवर पडून मिळत नाही.

प्रत्येकाला खाट दिलीच पाहिजे काय? ऑक्सफर्ड येथील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तातडीच्या तपासणीने व औषधांनी नंतरच्या ९० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. ते रुग्ण बहुतेक घरीच राहत होते. पण तेथे तपासणी त्याच दिवशी होण्याची हमी होती. ज्याला सी. टी. स्कॅन, हृदयाचा आलेख व मानेतील रक्तवाहिन्यांची तपासणी यांसाठी तीन ठिकाणी हेलपाटे घालावे लागतात, त्याच्या बाबतीत ‘घरी जा’ याचा अर्थ निराळा होतो. म्हणून तपासणी ताबडतोब होणार नसेल तर दाखल करून घेणे हाच न्याय्य निर्णय होय.

खाट नाही, हे उत्तर कायद्याने पुरेसे नाही. १९९२ साली बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्याला गंभीर दुखापत झालेल्या हकीम शेख या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती ही शेतमजुरांची संघटना त्याच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने वेळेवर उपचार नाकारणे हा घटनेच्या २१व्या कलमाचा भंग ठरवला व २५,००० रुपये भरपाई दिली.

मजुरीचा प्रश्न मात्र त्या निकालाने सुटत नाही. राज्य विमा योजनेत आजारपणाच्या काळात ७० टक्के वेतन मिळते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असतील तरच ती लागू होते. चार साच्यांच्या शेडमधला कामगार तिच्याबाहेर राहतो. ही मर्यादा हटवण्याची मागणी लढ्याच्या अग्रभागी हवी.

तूर्त प्रत्येक शेडच्या भिंतीवर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक ठळक लिहावा. स्कॅनपूर्वी कोणी आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असेल तर ते घातक ठरते. आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णाबरोबर पाठवावी. झटका ओसरलाच नाही, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात.