गणपतीचे दूध आणि आपला चमचा
(हिंदूराव, दिल्ली येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



कागलच्या हिंदूराव घाटग्यांच्या नावाच्या या वस्तीत आम्ही एक कबुली देतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी आवई दिल्लीत उठली, तेव्हा ड्युटी संपवून आम्हीही रांगेत होतो. चमचा रिकामा झाला, आम्ही हात जोडले! पुढे सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा मूर्तीवरून ओघळणारी धार दिसली. पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढले जात होते. त्या दिवशी दुधाचा तुटवडा पडला. गणपतीने दूध मागितले नव्हते. पोरे मागत होती.

श्रद्धा जरूर ठेवा, पण सिग्नल पाहिल्याशिवाय गाडी हाकू नका. पुढाऱ्यांची भाषणेही तशीच तपासा, आमचेसुद्धा!

कामगार एकजुटीचा विजय असो!